‘हया’ म्हणजे लाज काय?

परभणीच्या एका वाचक भगिनींनी विचारले आहे की, शेजारच्या मुस्लिम घरातील मुलगी हिजाब का घेते हे सांगताना तिची आई ‘हया’ हा शब्द वापरते. त्याचा अर्थ ‘लाज’ असा घ्यावा काय, आणि आपल्याकडे जुनी माणसे ज्याला ‘गोषा’ (स्त्रियांनी पडद्याआड राहण्याची रीत) म्हणत तो हाच काय?

‘लाज’ हा पर्याय मला अपुरा वाटतो. आपली लाज बहुधा चारचौघांमुळे वाटते, म्हणूनच मराठीत ‘लोकलाज’ हा शब्द रुजला. हया मात्र माणूस एकटा असतानाही अपेक्षित असते, कारण ती मुळात ईश्वरासमोरची मानली जाते. हा शब्द आणि ‘हयात’ हा शब्द एकाच अरबी धातूचे आहेत. निवृत्तिवेतनासाठी दरवर्षी द्यावा लागणारा ‘हयातीचा दाखला’ आठवावा, म्हणजे हे नाते ध्यानात येईल. जुन्या अरबी विवेचकांनी याच नात्यावरून, अंतःकरण जितके जिवंत तितकी हया अधिक, असे म्हटले आहे. ‘हया हा श्रद्धेचा भाग आहे’ हे पैगंबरांचे वचन हदीसमध्ये (त्यांच्या वचनांच्या व आचरणाच्या संग्रहांत) आहे, आणि त्याचा प्रसंग मला विशेष महत्त्वाचा वाटतो: एक गृहस्थ आपल्या भावाला त्याच्या हयेबद्दल बोल लावत होता, तेव्हा त्याला अडवून ते उच्चारले गेले. म्हणजे तेथे विषय पुरुषाचा होता.

कुराणातील क्रमही असाच आहे. चोविसाव्या सूरेच्या (अध्यायाच्या) तिसाव्या आयतीत (वचनात) नजर खाली ठेवण्याची आज्ञा आधी पुरुषांना आहे. एकतिसाव्या आयतीत तीच स्त्रियांना असून, त्यापुढे ओढणी (मूळ शब्द ‘खिमार’) छातीवरून घ्यावी असे सांगितले आहे. तेथे वस्त्राच्या गळ्यासाठी आलेला ‘जैब’ हाच शब्द पुढे खिशाच्या अर्थाने ‘जेब’ होऊन आपल्या भागात पोहोचला. तेहतिसाव्या सूरेच्या एकोणसाठाव्या आयतीत अंगावर चादरीसारखे वस्त्र ओढून घेण्याचे कारणही दिले आहे: त्या ओळखल्या जाव्यात आणि त्यांना त्रास दिला जाऊ नये. आतील हया आणि बाहेरील सुरक्षितता अशी ही दुहेरी कारणमीमांसा आहे. चेहरा झाकावा की नाही, यावर मात्र धर्मशास्त्रज्ञांत एकमत नाही.

‘हिजाब’ या शब्दाचा मूळ अर्थ आडोसा किंवा पडदा. कुराणात तो डोक्यावरच्या वस्त्रासाठी येत नाही, तो अर्थ नंतरचा. ‘गोषा’ तर फारसी, मूळ अर्थ कोपरा. निजामी अमदानीत, म्हणजे १९४८ पर्यंत, मराठवाड्यात गोषा ही जहागीरदारांच्या हवेल्यांप्रमाणेच कित्येक देशमुखांच्या वाड्यांतलीही रीत होती. तिच्यात धर्माज्ञेपेक्षा घराण्याच्या प्रतिष्ठेचा भाग मोठा होता, असे माझे मत आहे.

म्हणून त्या आईच्या वाक्यात ‘हया’साठी मराठी शब्द हवाच असेल तर मी ‘मर्यादा’ सुचवेन, कारण तो पुरुषालाही लागू पडतो. आणि हिजाब घेऊन रोज महाविद्यालयात जाणाऱ्या मुलीविषयी ‘ती गोषात असते’ असे लिहू नये. गोषातील स्त्री घराबाहेर दिसतच नसे.