स्किझोफ्रेनिया असलेल्या भावाला नियमित व्यायामासाठी कसे तयार करावे?

आपला प्रश्न असा आहे की, २६ वर्षांच्या धाकट्या भावाला स्किझोफ्रेनिया आहे, ओलान्झापिन हे त्यावरचे औषध सुरू झाल्यापासून त्याचे वजन वाढत चालले आहे, डॉक्टर रोज चालायला सांगतात, पण तो अंथरुणातून उठत नाही आणि समजावू गेल्यास चिडतो; तेव्हा त्याला व्यायामाची गोडी कशी लावावी? मी डॉक्टर नाही. माझ्या धाकट्या भावाला हाच आजार अनेक वर्षांपासून आहे आणि आम्ही वेंगुर्ल्याजवळच्या एका गावात राहतो, एवढ्याच अधिकाराने लिहितो.

गोडी लागण्याची वाट पाहू नका, असे मी प्रथम सांगेन. या आजारातले भास आणि संशय चारचौघांच्या लक्षात येतात. परंतु उत्साह आटणे, कशाचाही आरंभ करता न येणे, केल्यावर बरे वाटेल असे आधी वाटूच न शकणे, हाही आजाराचाच भाग आहे आणि औषधाने भास थांबले तरी तो पुष्कळदा तसाच राहतो. अशा माणसापुढे मधुमेहाची भीती घालून किंवा शेजारच्या मुलाचे उदाहरण देऊन काही साधत नाही. उलट, लंडनमध्ये जॉर्ज ब्राउन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७२ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असे दिसले होते की, ज्या घरांत रुग्णावर सतत टीका होते तिथे आजार उलटण्याचे प्रमाण अधिक असते. ‘आळशी झालाय’ हे वाक्य घरातल्या प्रत्येकाने, विशेषतः वडीलधाऱ्यांनी, बंद केले पाहिजे. आमच्याकडे सर्वांत अवघड व्यायाम हाच ठरला.

त्याचबरोबर न उठण्याचे सगळे खापर आजारावरही फोडू नये. रात्रीच्या गोळीची गुंगी सकाळी उशिरापर्यंत राहते. काही औषधांनी अंग ताठरते, काहींनी पायांत अशी तगमग होते की एका जागी बसवत नाही. हे डॉक्टरांना स्पष्ट सांगितले तर गोळीची वेळ, मात्रा किंवा औषधच बदलता येते का ते ते पाहू शकतात. गोळी आपल्या मनाने मात्र कमी करू नये. रक्तदाब, साखर, चरबी आणि कमरेचा घेर यांची तपासणीही सुरुवातीलाच करून घ्यावी, कारण या आजारात आयुष्य सर्वसाधारण माणसापेक्षा १० ते २० वर्षांनी घटते आणि त्यामागे हृदयविकार व मधुमेह यांचा मोठा वाटा असतो.

आता प्रत्यक्ष उपाय. व्यायाम म्हणून जे तो करणार नाही, ते काम म्हणून करू शकतो. माझा भाऊ ‘फिरायला चल’ म्हटले की कूस बदलतो. पण ‘मी मासळी आणायला निघालो आहे, पिशवी धरायला ये’ म्हटले की कुरकुरत का होईना, चपला घालतो. बंदरावर जाऊन येणे म्हणजे चांगली चाल होते. घरामागच्या आगरात माडांना पाणी घालणे, सुपारी गोळा करणे, झावळ्या ओढून नेणे, यांतही घाम निघतो, आणि काम झालेले डोळ्यांना दिसते. आरंभ दहा मिनिटांनी केला तरी चालेल. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या, अनेक अभ्यासांच्या एका एकत्रित विश्लेषणात, आठवड्याला सुमारे ९० मिनिटे मध्यम ते जोरकस व्यायाम करणाऱ्या रुग्णांची लक्षणे कमी झाल्याचे आढळले होते. योगासनांचाही विचार करावा. बंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्य संस्थेतील २००७ च्या अभ्यासात औषधोपचाराला योगाची जोड दिलेल्या रुग्णांना लाभ दिसला होता.

सोबत जाणे महत्त्वाचे आहे. त्याला पाठवू नका, घेऊन जा, आणि वाटेत उपदेश करू नका. रस्ता त्यालाच निवडू द्या. आमच्या हमरस्त्यावर प्रत्येक ओट्यावरून ‘खंय चललंस रे?’ असे विचारले जाते. विचारणाऱ्याच्या मनात काही नसते, पण ज्याला लोक आपल्याबद्दलच बोलतात असे वाटते, त्याला तो रस्ता जड जातो. भावाने स्वतःच वाडीमागची पाणंद धरली, आणि मगच चालण्यात थोडी नियमितता आली. आवाज ऐकू येण्याचा त्रास असेल तर कानात गाणी लावून चालणे अनेकांना सोयीचे पडते.

किनाऱ्यावरच्या दमट हवेत एक पथ्य पाळावे लागते. काही मनोविकारविरोधी औषधांमुळे शरीराची उष्णता सांभाळण्याची क्षमता कमी होते, आणि ताठरपणासाठी दिल्या जाणाऱ्या ट्रायहेक्सिफेनिडिलने घामही कमी येतो. त्यामुळे एप्रिल-मे महिन्यांत ऊन चढल्यावर त्याला बाहेर काढू नये. गुंगी असताना समुद्रात किंवा विहिरीत एकट्याने पोहू देऊ नये. पावसाळ्यात आम्ही पडवीतच फेऱ्या घालतो. कंटाळवाणे असते, पण चार महिने खंड पडला तर गणपतीनंतर पुन्हा पहिल्यापासून आरंभ करावा लागतो.

तो नाही म्हणेल त्या दिवशी एकदाच विचारावे आणि सोडून द्यावे. मात्र बरेच दिवस नियमित चालणारा माणूस अचानक बाहेर पडेनासा झाला, झोप उडाली आणि बोलणे तुटक झाले, तर तो नकार वेगळा समजून त्याच आठवड्यात डॉक्टरांना गाठावे. ते लगेच भेटत नसतील तर टेलि-मानस या मानसिक आरोग्याच्या दूरध्वनी सेवेच्या १४४१६ या सरकारी क्रमांकावर मराठीतून बोलता येते.