वाचकांचे प्रश्न : कानोचा कोसई, बाओबाबचा डबा आणि धुऱ्यावरचा तरोटा

मागच्या अंकात ओझरतं लिहिलं होतं, की बाजरी आणि बरबटी (चवळी) ही दोन्ही पिकं मूळची पश्चिम आफ्रिकेतली. मालीमध्ये तर साडेचार हजार वर्षांपूर्वीची लागवडीची बाजरी सापडली आहे. त्यावर आलेल्या पत्रांतली काही इथे घेते. ऐंशीच्या दशकात आमचे हे नायजेरियात कानोकडच्या एका शाळेत गणित शिकवायला होते. त्या वर्षांत शेजारणींच्या चुलीपुढे बसून जे पाहिलं, खाल्लं, त्या भरवशावर उत्तरं देते. मी डॉक्टर नाही, हे आधीच सांगून ठेवते.

प्रश्न : मुलगा कानोला कंपनीत लागला. आम्ही माळकरी. तो म्हणतो, इथे सगळ्यात मांस नाहीतर मासळी. खोलीवर वरण-भात करून कंटाळला. तिथलं काय खाता येईल? – एक आई, दारव्हा

उत्तर : ताई, पोराला म्हणा, सकाळी रस्त्यावर उतर. कोपऱ्यावर कढई मांडून बसलेली बाई दिसेलच. ती तळते तो कोसई. नायजेरियाच्या दक्षिणेकडे त्यालाच अकारा म्हणतात. ही शुद्ध बरबटी आहे. आपण बरबटीचे वडे करतो तेव्हा डाळ जाडसर वाटतो, लसूण-सांबार (कोथिंबीर) घालतो आणि तळहातावर थापतो. ती बाई बरबटी भिजवून, चोळून सालं पार काढते, कांदा-मिरची घालून गंधासारखी बारीक वाटते आणि मग फेटत बसते. हात भरून येईपर्यंत फेटते. पीठ पांढरं पडून फुगलं, की मीठ घालते आणि लगेच पळीपळीनं तेलात सोडते. सोडा नाही, काही नाही, तरी आतून जाळीदार. पाणी जास्त झालं की सगळी मेहनत वाया, म्हणून वाटताना ती पाणी अगदी शिंपडून घालते. घरी करून पाहा. साल नसल्यामुळे पोटालाही हलका पडतो. उत्तरेत तळायला बहुधा भुईमुगाचं तेल असतं.

त्याच्यासोबत कोको किंवा कुनू घ्यावं. ही बाजरीची नाहीतर ज्वारीची आंबवलेली पातळ पेज, आलं-लवंग घातलेली. आपल्या आंबिलीवर वाढलेल्या माणसाला ती नवी वाटणार नाही. मासा मिळतात. नाव ऐकून दचकू नका, त्यात मासळी नसते! आंबवलेल्या तांदळाच्या पिठाचे ते आप्पे, खळग्यांच्या मातीच्या तव्यावर केलेले. दानवाके म्हणजे बरबटीच्या पिठाचे उकडलेले गोळे, वरून तेल-तिखट.

अडचण आहे ती दुपारच्या जेवणाची. तुवो, म्हणजे ज्वारी-मक्याचा घट्ट गोळा, खुशाल खावा. पण त्याच्यासोबतच्या मियामध्ये, म्हणजे कालवणात, वरून हिरवा पाला दिसला तरी मांस किंवा सुकी मासळी असू शकते आणि मसाल्याची वडी तर जवळपास असतेच, तिच्यातही मांस-मासळीचा अंश असू शकतो. ‘बाबू नामा, बाबू किफी’ (मांस नको, मासळी नको) एवढं हौसा, म्हणजे कानोकडच्या लोकांच्या भाषेतलं वाक्य पाठ करायला सांगा. दादावाचा वास आला तर मात्र घाबरू नये. तो वास पहिल्यांदा नाकात गेला की माणूस ताटावरून उठतो, पण ती वस्तू शाकाहारी आहे. तिकडच्या एका शेंगेच्या झाडाच्या बिया तासन्‌तास शिजवून, टरफलं काढून, दोन-तीन दिवस झाकून आंबवतात आणि त्याचे काळपट गोळे करतात. त्यात प्रथिनंही भरपूर असतात. आपण हिंगाची चिमूट टाकतो तशा बेतानं ते कालवणात पडतं.

आणि झोगाले! म्हणजे आपला मुंगना, शेवगा. झाड मूळचं हिंदुस्थानातलं, पण पाला खावा तर हौसा लोकांनी. आपण शेंगांवर जीव टाकतो आणि पाला बकरीला. तिथे बाजारात बायका उकडलेल्या पाल्याचे ढीग घेऊन बसतात. गिऱ्हाईक आलं की पाला पिळून त्यात कांदा, भेदरं (टोमॅटो), तिखट, मीठ आणि कुलीकुलीचा चुरा कालवून हातावर ठेवतात. कुलीकुली कसं होतं ते सांगते, कारण मला ते पाहायला फार आवडायचं. भाजलेले दाणे वाटून लगदा करायचा, थोडंसं गरम पाणी शिंपडत मळत राहायचं. मळता मळता तेल सुटून परातीत तळं साचतं. ते निथळून घ्यायचं, राहिलेल्या ढेपेच्या वळ्या करायच्या आणि त्याच तेलात कडक तळायच्या. एका दाण्यातून तेलही घरचं, खाऊही घरचा.

तुम्ही इकडे करायचं तर मुंगन्याचा कोवळा पाला पाच-सात मिनिटं उकडा, पिळा आणि भाजलेल्या दाण्याचं कूट घाला. तेलघाणीवरची गुरांची ढेप यात वापरू नका. बुरशी धरलेला, काळा पडलेला दाणा तर वेचून फेकाच. त्या बुरशीचं विष यकृताला घातक असतं आणि भाजल्यानं ते पूर्ण जात नाही.

एक राहिलं. फुरा दा नोनो, म्हणजे बाजरीचे सुंठ-लवंगेचे शिजवलेले गोळे दह्यात कुस्करलेले, उन्हाळ्यात अमृत. पण ते दही बरेचदा न तापवलेल्या दुधाचं असतं. पोरानं गोळे बाहेरून आणावेत, दही खोलीवर दूध उकळून लावावं.

प्रश्न : मोबाइलवर बाओबाब पावडरची जाहिरात येते. आफ्रिकेचं सुपरफूड म्हणतात. डबा महाग आहे. मागवावा का? सोबत मोरिंगा पावडरही आहे. – एक वाचक, वरुड

उत्तर : बाओबाब म्हणजे गोरखचिंच. हत्तीच्या पायासारखं खोड असलेलं ते झाड. कडक कवच फोडलं की आत बियांभोवती खडूसारखा कोरडा, आंबट गर. त्यात क जीवनसत्त्व आणि तंतू चांगले असतात, यात खोटं काही नाही. सेनेगलमध्ये तो गर पाण्यात कालवून बुई नावाचं सरबत करतात. हौसा बायका पाला वाळवून कुटतात, त्याला कुका म्हणतात. त्याचं कालवण भेंडीसारखं बुळबुळीत होतं. तिथे हे गरिबाचं रोजचं खाणं. युरोपनं या गराच्या विक्रीला परवानगी दिली ती २००८ मध्ये, आणि आता तो डब्यात बसून तुमच्या मोबाइलवर आला. चवीची हौस असेल तर एकदा घ्या. क जीवनसत्त्वासाठी घेत असाल, तर आवळा घ्या.

मोरिंगा पावडरच्या डब्यांवर ‘संत्र्याच्या सातपट क जीवनसत्त्व’ असं छापतात. संत्र्याच्या मुलखात बसून हे वाचायचं म्हणजे! पाला वाळवताना त्यातलं बरंचसं क जीवनसत्त्व उडून जातं, आणि चमचाभर पावडर म्हणजे काही ग्रॅम. लोह, कॅल्शियम राहतं, पण ते परसातल्या झाडाच्या वाटीभर भाजीतही आहेच.

प्रश्न : आमच्या भागात लेकरांना आंबील-पेज देतात. आफ्रिकेत काय देतात? – एक अंगणवाडी सेविका, धारणी

उत्तर : तेच देतात, आणि तिथेच घात होतो. धान्य दोन-तीन दिवस भिजवून, वाटून, गाळून केलेली पेज पचायला सोपी असते, पण नुसत्या पेजेवर लेकरू वाढत नाही. सिसिली विल्यम्स नावाच्या डॉक्टरीणबाईंनी १९३३ मध्ये गोल्ड कोस्टमधून, म्हणजे आजच्या घानातून, हे लिहून ठेवलं. पाठचं भावंड आलं, अंगावरचं दूध तुटलं, मक्याच्या पेजेवर लेकरू राहिलं की पाय सुजतात, कातडी सोलते, केस भुरकट होतात. म्हणून आता तिथल्या पेजेतही दाण्याची चटणीसारखी बारीक पेस्ट किंवा बरबटीचं पीठ घालायला सांगतात.

तुम्ही सहा महिन्यांनंतर आईचं दूध चालू ठेवून पेज घट्ट करायला सांगा, चमच्यावरून ओघळू नये इतकी. त्यात मऊ शिजलेली डाळ, दाण्याचं अगदी बारीक कूट, थोडं तेल. अख्खा दाणा लहान लेकराला कधीच नाही, घशात अडकतो. दोन्ही पायांवर सूज दिसली तर घरगुती काही करत बसू नका, त्याच दिवशी दवाखाना.

प्रश्न : पुतण्यानं तिकडून कडूपाल्याची पावडर आणली. शुगर उतरते म्हणे. गोळी सोडू का? – एक वाचक, पुसद

उत्तर : नाही. कडूपाला ही तिथली भाजी आहे. बायका तो पाण्यात चोळून चोळून, फेस जाईपर्यंत धुतात आणि कालवणात घालतात. आपण कारलं खातो, म्हणून गोळी सोडतो का? गोळीसोबत अशी पावडर रोज घ्यायची असेल तर डॉक्टरांना दाखवूनच; साखर एकदम खाली गेली तर पंचाईत.

प्रश्न : लाल अंबाडीच्या फुलांचं सरबत तिकडेही करतात असं ऐकलं. आणि तिकडे तणही खातात का? – एक वाचक, आर्णी

उत्तर : करतात. नायजेरियात झोबो, सेनेगलमध्ये बिसाप. लाल, मांसल पाकळ्या बोंडावरून सोलून वाळवायच्या, आलं-लवंग आणि अननसाची सालं टाकून उकळायच्या. भांडं स्टीलचं घ्या, आंबटपणा जर्मनच्या (ॲल्युमिनियमच्या) भांड्याला खातो. धागा काढायची अंबाडी वेगळी, तिच्या बोंडाला एवढा गर नसतो. रक्तदाबाची गोळी चालू असेल तर तांब्या-तांब्यानं पिऊ नका, दाब थोडा उतरतो. गरोदर बायांनीही बेतानं.

तणाचं म्हणाल, तर पहिल्या पावसानंतरचा कोवळा तरोटा (टाकळा) आपण खातो, तशाच एका तरोट्याची भाजी हौसा लोक तफासा म्हणून खातात. कुरडू तर नैऋत्य नायजेरियातले योरुबा लोक वाफ्यात पेरून विकायला काढतात. आपण तोच सोयाबीनमधून काढायला तणनाशकाचे पंप मारतो. त्यामुळे तरोटा-कुरडू खुडायचा तो परसातला नाहीतर पडीक जागेचा. फवारलेल्या वावराच्या धुऱ्यावरचा कितीही हिरवागार दिसला तरी घेऊ नका, वाऱ्यानं औषध तिथवर उडतं आणि ते धुऊन जाईलच असं नाही.