मुंबईहून एका दिवसात नदीतली बोट आणि जुनं ऐतिहासिक गाव, दोन्ही होईल अशी गाईडसह सहल कोणती?

तुम्ही लिहिलंय की सत्तरीचे आई-वडील आणि पाचवीतली मुलगी बरोबर आहे, हाताशी एकच दिवस आहे, थोडं बोटीतून फिरायचंय, एखादं जुनं गाव नीट बघायचंय आणि त्यासाठी टूरवाल्यांचं पॅकेज घ्यावं की आपलं आपण जावं हे ठरत नाहीये. मी दोन्ही प्रकारे जाऊन आले आहे, म्हणून सांगते. वसईला जा. भाईंदरहून बोटीनं जा. पॅकेज घेऊ नका, पण वाट दाखवणारा आणि सांगणारा माणूस मात्र नक्की घ्या.

वसईला तर लोकल जाते, मग बोट कशाला, असं तुमच्या घरी कुणीतरी म्हणेलच. माझ्या बाबांनीही म्हटलं होतं. आणि ती खाडी आहे, नदी कुठे, असंही. तर ती नदीच आहे. उल्हास नदी राजमाचीच्या बाजूच्या डोंगरात उगम पावते, कर्जत, बदलापूर, कल्याण करत खाली येते आणि ठाण्याजवळ तिला दोन वाटा फुटतात. लहान वाट ठाण्याच्या खाडीला जाते, मोठी वाट घोडबंदरला वळसा घालून वसईपाशी समुद्राला मिळते. आपण जिला वसईची खाडी म्हणतो ते या उल्हासचं मुख. भरतीचं पाणी आत शिरतं म्हणून चव खारट, एवढंच. कल्याणचा माल याच पाण्यानं समुद्रात यायचा. कान्हेरीच्या लेण्यांमधल्या शिलालेखांत कल्याणच्या आणि सोपाऱ्याच्या, म्हणजे आताच्या नालासोपाऱ्याच्या, दात्यांची नावं आहेत, म्हणजे ही वाट किती जुनी ते बघा. मी दहिसरला राहते, कान्हेरी अगदी जवळ, तरी हे मला चाळिशी उलटल्यावर कळलं.

पहिल्या वेळी मी एका टूरवाल्याच्या बसनं गेले होते. सकाळी बोरिवलीहून निघालो आणि संध्याकाळपर्यंत पाच ठिकाणं. त्यात ‘बोटिंग’ म्हणून खाडीत दहा मिनिटांची एक फेरी होती आणि किल्ल्याला पाऊण तास. बरोबरचा मुलगा चांगला होता, सगळ्यांना पाणी देत होता, पण त्याच्याकडे सांगायला दोनच गोष्टी होत्या: इथे अमुक गाण्याचं शूटिंग झालं, आणि इथून समुद्राखालून भुयार जातं. माझ्या भाच्यानं विचारलं, हा किल्ला इथेच का बांधला? त्यावर तो म्हणाला, समुद्र आहे ना म्हणून. भाचा गप्प बसला आणि मोबाइल काढला. त्या दिवशी मला फार वाईट वाटलं. एवढा मोठा किल्ला, आणि पोराच्या एका चांगल्या प्रश्नाला उत्तर मिळालं नाही.

त्यानंतरच्या हिवाळ्यात पुन्हा गेलो. मी, बाबा आणि तोच भाचा. ओळखीतून वसईतले एक निवृत्त शिक्षक मिळाले होते, ख्रिस्ती कुपारी समाजातले, मराठी आणि इतिहास शिकवलेले. आम्ही थेट किल्ल्यावर भेटू असं म्हटलं, तर ते म्हणाले, नको, मी भाईंदरला येतो, तिथूनच सुरुवात करायची. ते का म्हणाले ते बोट सुटल्यावर समजलं.

भाईंदर पश्चिमेच्या धक्क्यावरून फेब्रुवारी २०२४ पासून वसईला रो-रो बोट जाते. गाड्याही चढतात आणि नुसती माणसंही. अंतर थोडं, साधारण पंधरा मिनिटांचं. रस्त्यानं घोडबंदरला वळसा घालून जायला यापेक्षा कितीतरी जास्त वेळ लागतो. बोटीत बसलात की आधी मागे बघा: रेल्वेचे पूल आणि त्यांच्या मध्ये पाणजू बेट. आपण रोज लोकलमधून ओलांडतो ते. मग पुढे बघा. डाव्या हाताला साष्टी, म्हणजे भाईंदर, मोरवा, डोंगरी आणि अगदी टोकाला चौकची टेकडी. उजव्या हाताला तिवरं, मिठागरं आणि वसई. सरांनी भाच्याला विचारलं, बाळा, तू या किल्ल्याचा मालक असतास तर शत्रू कुठून येईल अशी भीती वाटली असती? भाच्यानं बोटानं दाखवलं: समोर समुद्र, इकडे खाडी, पलीकडे दलदल. मग उरलं काय? उत्तरेची जमीन. सर म्हणाले, शाब्बास, चिमाजी अप्पांनीही हेच बघितलं होतं.

पुढचं सगळं त्यांनी पाण्यावरच सांगितलं. वसई आणि साष्टी तेव्हा पोर्तुगीजांकडे होती. १७३७ मध्ये मराठ्यांनी साष्टीत मुसंडी मारली, ठाणं आणि घोडबंदर घेतलं, म्हणजे नदीचा वरचा भाग हातात आला. उत्तरेला अर्नाळा घेतला. समोरच्या चौकच्या टेकडीवर धारावीचा किल्ला (मुंबईतली धारावी नव्हे), तो १७३९ मध्ये घेतला, म्हणजे खाडीच्या तोंडावर पलीकडून नजर बसली. अशी एकेक वाट बंद करत आणली आणि मग उत्तरेच्या तटाखाली सुरुंग लावले. मे १७३९ मध्ये पोर्तुगीजांनी शरणागती पत्करली. मराठ्यांची हजारो माणसं त्या वेढ्यात पडली. किल्ला घेतल्यावर आतल्या लोकांना आपलं सामान घेऊन सन्मानानं बाहेर जाऊ दिलं, आणि हे सांगताना सरांचा आवाज जरा जड झाला. पुढच्याच वर्षी, १७४० मध्ये, आधी बाजीराव आणि मग चिमाजी, दोघेही भाऊ गेले.

हे मी एवढ्या विस्तारानं सांगतेय त्याला कारण आहे. तुम्ही प्रश्नात बोट आणि गाव अशा दोन वेगळ्या गोष्टी मागितल्यात, एक मुलीसाठी आणि एक आई-वडिलांसाठी असाव्यात. टूरवालेही तसंच विकतात, बोट वेगळी आणि ‘साइटसीइंग’ वेगळं. वसईत मात्र त्या पाण्याशिवाय ते गाव कळतच नाही. रिक्षानं गावातल्या पारनाक्यावरून किल्ल्यात शिरलात तर पडक्या भिंती आणि झाडी दिसते. बोटीतून आलात तर किल्ल्याची जी बाजू पाण्याकडे तोंड करून बांधलीय ती आधी समोर येते. जेट्टीवर उतरलं की बंदर दरवाजा जवळच आहे. शेकडो वर्षं माणसं आणि माल त्याच बाजूनं आत जायचा, तुम्हीही तसंच जा.

आत खूप आहे, सगळं बघू नका. आई-वडिलांबरोबर असाल तर तीन जागा पुरेत. पहिली बालेकिल्ला. त्याच्या दरवाजावर पोर्तुगालची राजचिन्हं कोरली आहेत, त्यात गोलावर पट्टे असलेली एक आकृती आहे. ती मुलीला शोधायला सांगा. आकाशातल्या ग्रहताऱ्यांच्या गतीचा अंदाज घेण्याचं ते गोलयंत्र, दर्यावर्दी राजानं आपलं चिन्ह म्हणून घेतलेलं. दुसरी जागा फ्रान्सिस्कन चर्च, सेंट अँथनीचं. छप्पर नाही, पण जमिनीत थडग्यांच्या शिळा बसवल्या आहेत, अक्षरं अजून लागतात. तिथे बाबा बराच वेळ एकटे उभे होते. तिसरी सेंट जोसेफ चर्चचा मनोरा. आतला जिना चक्राकार, अरुंद आणि अंधारा आहे, गुडघे दुखत असतील तर खालूनच बघायचा. खालूनही छान दिसतो. याखेरीज चिमाजी अप्पांचं स्मारक आणि नागेश्वराचं देऊळ वाटेत लागतंच.

वसई एके काळी किती मोठी होती ते मुंबईकराला पटकन पटत नाही, म्हणून मुलीला हे जरूर सांगा. १५३४ मध्ये गुजरातच्या बहादूरशहानं वसई पोर्तुगीजांना दिली, त्याच तहात मुंबईची बेटंही गेली. पुढे १६६१ च्या लग्नाच्या करारात मुंबई इंग्रजांच्या राजाला आंदण मिळेपर्यंत मुंबईचा कारभार वसईच्या हाताखाली होता. आपली मुंबई वसईचा एक कोपरा होती! आणि दुसऱ्या बाजीरावानं ३१ डिसेंबर १८०२ रोजी इंग्रजांशी केलेला तह, तोही वसईचाच. ज्या गावी चिमाजींनी एवढं मिळवलं, त्याच गावाच्या नावानं पेशवाईनं स्वातंत्र्य गमावलं. सर हे सांगून काही वेळ बोलले नाहीत.

घंटांची गोष्टही विचारा. वसईच्या चर्चमधल्या घंटा मराठे विजयाची खूण म्हणून घेऊन गेले आणि देवळांत बांधल्या. नाशिकला नारोशंकराच्या देवळात आहे, वाईजवळ मेणवलीच्या घाटावर आहे. मेणवलीच्या घंटेवर मेरी आणि बाळ येशू आहेत आणि १७०७ साल आहे. भाच्यानं नंतर मेणवलीला जाऊन ती घंटा स्वतः शोधली.

आता गाईड कसा निवडायचा. वसईत आणि मुंबईत इतिहासप्रेमींचे गट हेरिटेज वॉक काढतात, स्थानिक अभ्यासकही येतात. फोनवर दोनच प्रश्न विचारा. किती ठिकाणं दाखवणार? उत्तर ‘सात-आठ’ आलं तर नको. आणि किल्ला का पडला, कुठून पडला? यावर जो माणूस लगेच भूगोल सांगायला लागेल तो घ्या. तो धक्क्यावर यायला तयार असेल तर जास्त पैसे मागितले तरी द्या, कारण त्याचा अर्धा दिवस जातो. एक गोष्ट आवर्जून सांगते: वसईचा विजय आणि वसईचे ख्रिस्ती लोक यांना एकमेकांसमोर उभं करणारा माणूस टाळा. इथल्या ख्रिस्ती लोकांची मिस्सा, म्हणजे चर्चमधली प्रार्थना, मराठीत होते, घरात सामवेदी, वाडवळी बोली आहेत. २०२० च्या उस्मानाबादच्या मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष फादर फ्रान्सिस दिब्रिटो वसईचेच. सरांना दोन्ही गोष्टी आपल्या वाटत होत्या, चिमाजीही आणि नागासाकीला १५९७ मध्ये क्रुसावर गेलेला वसईचा संत गोन्सालो गार्सियाही. त्यांच्याकडून ऐकताना आमच्याही मनात काही वेगळं वाटलं नाही.

दुपारी किल्ला सोडा. ऊन लागतं, आणि आत जेवणाची सोय आहे असं धरून चालू नका. पाणी भरपूर न्या. किल्लाबंदर आणि पाचूबंदरच्या कोळीवाड्यातून एक चक्कर मारा, वाळत घातलेली मासळी, दुरुस्तीला ओढलेल्या होड्या दिसतील. फोटो काढायच्या आधी विचारा, ती त्यांची घरं आहेत. मग रिक्षानं पारनाका, तिथे जेवण. परतताना सुकेळी घ्या, राजेळी केळी उन्हात वाळवून करतात ती. चांगली असतील तर मधासारखी लागतात. सध्या करणारी घरं कमी झाली आहेत, म्हणून मिळाली की दोन पाकिटं जास्तच घ्या.

सोपारा त्याच दिवशी करावा का? मी नको म्हणेन, आई-वडिलांबरोबर तर नकोच. नालासोपाऱ्याचा स्तूप, बुरुड राजाचा कोट, १८८२ मध्ये पंडित भगवानलाल इंद्रजींनी उकरला, तो शांतपणे बघायची जागा आहे. पण एक ऐका. सोपाऱ्याला अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा सापडला. त्या लेखात अशोक सांगतो की पूर्वीचे राजे शिकारीसाठी, मौजेसाठी विहारयात्रा करायचे, मी मात्र धर्मयात्रा सुरू केली: लोकांना भेटायचं, वृद्धांना द्यायचं, गावोगावच्या माणसांशी बोलायचं. तो तुकडा दक्षिण मुंबईत छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात आहे. मुलीला तिथे दुसऱ्या एखाद्या रविवारी न्या.

वेळेचं थोडं. नोव्हेंबर ते फेब्रुवारी उत्तम. बोटीच्या वेळा आदल्या दिवशी विचारून घ्या, त्या बदलतात, आणि पावसाळ्यात हवा बिघडली की भरवसा नाही. ओहोटीला काठ चिखलाचा दिसतो, भरतीला पाणी तिवरांपर्यंत चढतं आणि फेरी फार सुंदर होते, तेव्हा भरतीची वेळ बघून निघा. रविवारी पश्चिम रेल्वेचा ब्लॉक नाही ना तेही बघा. कोळी बांधवांची खाजगी होडी ठरवणार असाल तर लाइफ जॅकेट सगळ्यांना, मुलीच्या मापाचंही, मिळाल्याशिवाय पाय ठेवू नका. मांडव्याला बोटीनं जाऊन पुढे चौल, रेवदंडा असा दुसरा पर्याय कुणी सुचवेल. तोही चांगला आहे, पण ती बोट समुद्रातली आणि रस्ता लांबचा. मुक्काम करणार असाल तरच जा.

परतीला बोट नको, लोकल घ्या. वसई रोडहून चर्चगेटकडे जाताना उजव्या हाताची खिडकी पकडा आणि नायगाव सुटलं की मुलीला उठवा. आमचा भाचा तेव्हा दारापासून लांब उभा राहून, पुलावरून पाणी दिसेपर्यंत, बाबांना एकेक नाव सांगत होता: ती चौकची टेकडी, तो धक्का, आणि त्या तिवरांच्या मागे किल्ला.