वाचक विचारतात : वाईट स्वप्नाची कविता कधी लिहावी, कधी लिहू नये

प्रश्न : मागच्या चैत्रात मोहफुलं वेचताना माझ्या जावेला वाघानं नेलं. मी जवळच होते. तेव्हापासून पहाटे स्वप्न पडतं. त्यात वाघ नसतो. मोहाखाली भरलेली टोपली असते आणि मला हाक मारता येत नाही. बचत गटातल्या ताई म्हणाल्या, कविता लिही, मोकळं वाटेल. उठल्याउठल्या लिहिते, पण झोप आणखीच उडाली. बंद करू का?
– एक वाचक, सिंदेवाही तालुका

उत्तर : ताई, बंद नका करू, वेळ बदला. स्वप्नांची झोप पहाटेकडे लांबत जाते. मोहाच्या दिवसांत तीन-चारला उठायची सवय असली की स्वप्न मध्येच तुटतं आणि जसंच्या तसं ध्यानात राहतं. त्या वेळी छाती धडधडत असते. तेव्हा सगळं बारकाईनं लिहायला बसलात तर तेच पुन्हा भोगाल. दिवा लावा, पाय जमिनीवर टेका, पाणी प्या. वहीत तीनच ओळी टिपा : काय दिसलं, काय ऐकू आलं, अंगाला काय जाणवलं. अर्थ लावू नका.

कविता दुपारी, उजेडात, घरात कुणी असताना. मोबाइलवर १५ मिनिटांचा गजर लावा. तो वाजला की ओळ अर्धी असली तरी वही मिटायची. असं सलग ४ दिवस, मग आठवडाभर थांबा. मानसशास्त्रज्ञ जेम्स पेनेबेकर यांच्या १९८६ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात विद्यार्थ्यांनी ४ दिवस रोज १५ मिनिटं असंच लिहिलं होतं, कविता नव्हे, साधं गद्य. लिहिल्यावर लगेच त्यांचं मन जड झालं, फायदा पुढच्या महिन्यांत दिसला. तेव्हा घडीभर जड वाटलं तर घाबरू नका. पण दिवेलागणीपर्यंत ते उतरलं नाही, तर घास मोठा झाला. दुसऱ्या दिवशी त्याहून साधं स्वप्न घ्या.

आता टिपणांकडे बघा. काय परत परत येतं, काय कधीच येत नाही? वाघ नाही, हाक आहे. म्हणजे मन भीतीपेक्षा ‘मी ओरडले असते तर’ या टोचणीपाशी अडलेलं दिसतं. जिवावर बेतलेल्या प्रसंगातून बचावलेल्या माणसात ही टोचणी फार आढळते, आणि भीतीनं घसा बसणं हा काही गुन्हा नव्हे. म्हणून वाघावर नका लिहू, टोपलीवर लिहा. पोथीतल्या ओवीचं माप घ्या : तीन चरणांना यमक, चौथा आखूड. भाषा घरचीच ठेवा. शुद्ध लिहायला गेलात की शाळेतला निबंध होतो.

मोहाखाली टोपली । भरून ठेवली ।
हाक नाई फुटली । माह्या तोंडी ॥

ही झाली पहिली पायरी. इथेच थांबून तीच ओवी घोकत बसलं की स्वप्न पक्कं होतं, बहुतेकांचं इथेच चुकतं. दुसऱ्या पायरीत शेवट बदलायचा :

हाक आता फुटली । गाव आलं ॥

बदललेलं चित्र रोज दिवसा १० मिनिटं डोळ्यांपुढे आणा. अमेरिकेतले डॉक्टर बॅरी क्राकोव यांनी लैंगिक अत्याचार सोसलेल्या स्त्रियांवर ही रीत वापरली. २००१ च्या त्यांच्या अभ्यासात वाईट स्वप्नं कमी झाली. बदल कुठलाही चालतो. ‘जाऊ परत आली’ असा मात्र आम्ही सुचवणार नाही, कारण डोळे उघडल्यावर ती पुन्हा जाते.

जागेपणीही तोच प्रसंग दिसू लागला, जंगलाकडे जाणंच बंद झालं किंवा जीव नकोसा वाटला, तर वही बाजूला ठेवा. टेलिमानस या मानसिक आरोग्यासाठीच्या सरकारी फोनसेवेचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे, दिवसरात्र. जिल्हा रुग्णालयातही मानसोपचाराची सोय असते.

प्रश्न : वडिलांनी कर्जापायी जीव दिला. आईला ते स्वप्नात दिसतात. ती निरक्षर आहे, पण जात्यावरच्या ओव्या जुळवते. म्हणते, स्वप्नाचं गाणं करू नये. मी लिहून घेऊन गणेशोत्सवात वाचू का?
– एक वाचक, यवतमाळ जिल्हा

उत्तर : आईला सांगा, कवित्वाची आज्ञा तुकोबांना स्वप्नातच झाली, नामदेवांनी पांडुरंगासह येऊन जागं केलं, असं ते स्वतःच अभंगात सांगतात. ती म्हणेल तेव्हा मोबाइलवर टेप करा. मध्ये ‘का?’ विचारू नका, शब्द सुधारू नका, रडू आलं तर टेप बंद करून चहा ठेवा. गणपतीत वाचणं सध्या नको. गावात कर्जाची चर्चा लगेच सुरू होते आणि ओवी राहते बाजूला. व्हॉट्सअॅप ग्रुपवर तर मुळीच नको.

प्रश्न : दारू सोडून चार दिवस झाले. भयंकर स्वप्नं पडतात. कविता करू का?

उत्तर : भाऊ, आधी दवाखाना. दारू स्वप्नांची झोप दाबून ठेवते. सोडली की ती उसळून येते, हे अपेक्षितच आहे. पण रोज भरपूर पिणाऱ्यानं एकदम सोडली तर हात कापणं, भास होणं, झटके येणं असंही होतं आणि ते जिवावर बेतू शकतं. यातलं काही दिसलं तर आजच ग्रामीण रुग्णालयात जा, सोबत कुणाला तरी घेऊन.