बाळ झाल्यावर स्वतःच्या छंदाला वेळ कसा काढता?

पहिले 3 महिने सरळ विसरा, बाळ दर दोन-तीन तासांनी दुधाला उठतं, तेव्हा मिळेल तेवढं झोपून घ्यायचं. आमची लेक आता आठ महिन्यांची. आधी मी दर रविवारी कुठला ना कुठला गड करायचो, आता साताऱ्यातच आहे म्हणून फक्त अजिंक्यतारा, तोही बुधवारी आणि रविवारी, पहाटे साडेपाचला निघायचं आणि सातच्या आत घरात, कारण सातला ती उठते आणि मग बायकोवर एकटीवर सगळं पडतं. बूट, बॅटरी रात्रीच दाराबाहेर ठेवतो, कपाटाची कडी वाजली की कार्टी टक्क डोळे उघडते.

बायकोलाही तेवढाच वेळ द्यायचा हां. तिचं शिलाई मशीन शनिवारी दुपारी दोन तास चालतं, तेव्हा लेक माझ्याकडे, मध्ये हाक मारायची नाही. हे आधी बोलून ठरवा, नाहीतर भांडणं ठरलेली (आमची झाली). रात्री रील बघण्यात माझा पाऊण तास जायचा, तो बंद केला, लवकर झोपतो, म्हणून पहाट जमतेय. कासची फुलं मात्र यंदा हुकली, ऐन सप्टेंबरात तिला सर्दी.