कार्डाची तडजोड करा, कर्जाची नको

सप्रेम नमस्कार.

आपल्या पत्रातील आकडे आधी एकत्र मांडतो, कारण निर्णय त्यांतूनच निघतो. अंबडच्या कारखान्यातील नोकरी गेल्यापासून अकरा महिने आपण क्रेडिट कार्डाचे बिल भरलेले नाही आणि आज बँक त्यावर २,७१,००० रुपये मागते आहे. वैयक्तिक कर्जाचे ३,८४,००० रुपये मुद्दल बाकी असून १३,२०० रुपयांचे दोन हप्ते थकले आहेत. आता नवी नोकरी लागली आहे, हातात ३४,००० रुपये पगार येतो आणि त्यातले २१,००० घरभाडे व घरखर्चात जातात. पत्नीची मुदतठेव मोडल्यास १,५०,००० रुपये उभे राहतात. कार्डाचा वसुली एजंट फोनवर म्हणतो, ‘महिनाअखेर १,४०,००० भरा, फाइल बंद करतो.’ शिवाय कर्ज ‘सेटल’ करून देणाऱ्या एका कंपनीने कर्जाचे हप्तेही थांबवायला सांगितले आहे. त्यासाठी पत्नीच्या पाटल्या मोडाव्यात का, असा आपला प्रश्न आहे.

माझे मत असे की कार्डाची तडजोड, म्हणजे मागणीपेक्षा कमी रक्कम भरून खाते मिटवणे, करावी, कर्जाची करू नये आणि पाटल्यांना हात लावू नये.

कार्डाचे खाते ९० दिवसांची थकबाकी ओलांडून केव्हाच अनुत्पादक, म्हणजे बँकेच्या हिशेबी बुडीतप्राय, झाले आहे. कर्जफेडीच्या नोंदी ठेवणाऱ्या सिबिल अहवालात थकबाकीमुळे जे नुकसान व्हायचे ते होऊन गेले. आपण पाठवलेली बिले मी ओळीने वाचली. त्यांत खरी खरेदी १,६२,००० रुपयांची आहे आणि उरलेले १,०९,००० म्हणजे दरमहा साडेतीन टक्के व्याज, विलंब शुल्क आणि या दोहोंवरचा १८ टक्के जीएसटी. बँक सोडते ते मुख्यतः या दुसऱ्या भागातून, हे लक्षात ठेवल्यास घासाघीस करताना संकोच वाटणार नाही. कर्जाचे खाते मात्र अजून ९० दिवसांच्या आत आहे. हप्ते मुद्दाम थांबवून ते बुडीत करायचे आणि मग त्यावर सूट मागायची, हा सल्ला देणाऱ्या कंपनीची फी एकूण देण्याच्या १२ टक्के, म्हणजे ७८,६०० रुपये होते. तेवढ्यात आपले जवळजवळ सहा हप्ते भरतील. शिवाय खात्यातून हप्ता आपोआप वळता करण्याचा आदेश (ईसीएस किंवा एनएसीएच) पुरेशा रकमेअभावी परत गेला, तर चेक न वटण्यासारखाच फौजदारी खटला होऊ शकतो, हे या कंपन्या सहसा सांगत नाहीत.

म्हणून मुदतठेवीतून पहिले २६,४०० रुपये थकलेल्या दोन हप्त्यांसाठी बाजूला काढावेत. त्यावरचा दंड पगारातून भरता येईल. पुढे १३,२०० चा हप्ता भरल्यावर हातात २०,८०० उरतात, म्हणजे घरखर्चाला दोनशे रुपये कमीच. यासाठी बँकेकडे मुदतवाढ मागावी. व्याजदर १५ टक्के धरला तर आज उरलेली सुमारे ३६ महिन्यांची मुदत ६० महिने केल्यावर हप्ता ९,१४० च्या आसपास येतो. त्यापायी एकूण व्याज अंदाजे ६८,००० रुपयांनी वाढेल आणि अहवालात ‘पुनर्रचित’ अशी नोंदही पडू शकते. तरीही दर महिन्याला उसनवारी करण्यापेक्षा हे परवडते, आणि पगार वाढला की मुदतीआधी फेड करता येते.

कार्डासाठी मग सुमारे १,२०,००० उरतात. एजंटाचा १,४०,००० हा आकडा शेवटचा नसतो. आपल्याकडे किती पैसे आहेत हे त्याला कधीही सांगू नये. नोकरी गेल्याचा पुरावा आणि आताची पगारपावती जोडून बँकेच्या वसुली विभागाला ईमेलने ९५,००० चा एकरकमी प्रस्ताव द्यावा आणि १,२०,००० च्या वर जाऊ नये. ‘आजच भरा, उद्या ऑफर संपेल’ हे वाक्य मी इतक्या ग्राहकांच्या तोंडून ऐकले आहे की आता त्याचे काही वाटत नाही. पुढच्या महिन्यात, आणि मार्चअखेर तर हमखास, तोच फोन पुन्हा येतो. सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर वसुलीचा फोन करण्यास रिझर्व्ह बँकेची मनाई आहे. तसे घडल्यास बँकेकडे लेखी तक्रार करावी आणि ३० दिवसांत दाद न लागल्यास रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जावे.

पैसे भरण्यापूर्वी बँकेच्या अधिकृत ईमेलवरून किंवा लेटरहेडवर तडजोडीचे पत्र हातात हवे. त्यात कार्डाचे शेवटचे चार अंक, रक्कम, भरण्याची तारीख आणि ही रक्कम पूर्ण व अंतिम असून पुढे काहीही येणे राहणार नाही, हे शब्द असावेत. पैसे थेट कार्डाच्या खात्यात भरावेत, एजंटाच्या यूपीआयवर नव्हे. आपले जुने बचत खाते त्याच बँकेत आहे. मोडलेल्या ठेवीची रक्कम तिथे ठेवल्यास बँक ती थकबाकीपोटी परस्पर वळती करू शकते आणि मग घासाघिशीला हातात काही राहणार नाही. पैसे पत्नीच्या दुसऱ्या बँकेतील खात्यात असू द्यावेत.

तीन वर्षे फोनच उचलू नका, मग दावा मुदतबाह्य होतो, हा आपल्या मित्राचा सल्ला अर्धवट आहे. मुदत संपली तरी अहवालातली नोंद पुसली जात नाही, मधल्या काळात बँक केव्हाही दावा लावू शकते, आणि मुदतीच्या आत थोडी रक्कम भरली किंवा लेखी कबुली दिली की तीन वर्षे पुन्हा पहिल्यापासून मोजली जातात. म्हणूनच बोलणी सुरू केल्यावर ती अर्ध्यावर सोडू नयेत.

दोन वर्षांनी घर घेण्याचा बेत मात्र या निर्णयाने अडचणीत येतो, हे स्पष्ट सांगायला हवे. अहवालात खाते ‘क्लोज्ड’ (पूर्ण फेडून बंद) न दिसता ‘सेटल्ड’ (तडजोडीने मिटवलेले) दिसेल, आणि ही नोंद साधारण सात वर्षे राहते. रिझर्व्ह बँकेने जून २०२३ मध्ये घातलेल्या तडजोडीच्या नियमानुसार कार्डाची बँक किमान १२ महिने आपल्याला नवे कर्ज देऊ शकणार नाही. इतर बँकाही नोंद पाहून हात आखडता घेतील. त्यामुळे ‘सोडलेली रक्कम पुढे भरल्यास खाते क्लोज्ड दाखवाल का आणि तेव्हा नेमके किती घ्याल’, हे त्याच ईमेलमध्ये विचारून उत्तर जपून ठेवावे. गृहकर्जाचा अर्ज करण्याआधी सहा महिने तो फरक भरायचा की घर पुढे ढकलायचे, हे तेव्हाचा पगार पाहून ठरवता येईल.