अमेरिकेत वीस-बावीस वर्षं जुनं मोटरहोम घेऊन लांबचे प्रवास करणं शहाणपणाचं आहे का?

तुम्ही ओहायोत राहता, घरात चार माणसं, जुनं क्लास-सी मोटरहोम (ट्रकच्या सांगाड्यावर बांधलेलं, ड्रायव्हरच्या डोक्यावर झोपायचा कप्पा असलेलं चाकांवरचं घर) पंधरा हजार डॉलरला मिळतंय आणि यलोस्टोनपर्यंत जाऊन यायचंय. घ्यावं का, रस्त्यात दगा देईल का, दुरुस्तीला वर्षाकाठी किती धरायचे, असं तुम्ही विचारलंय.

घ्या. आणि इंजिनाची काळजी करत बसू नका. ज्याला विचाराल तो 'आधी इंजिन दाखवून घ्या' म्हणेल, आणि असं म्हणणाऱ्या दहांपैकी नवांनी मोटरहोम आतून बघितलेलंही नसतं. क्लास-सी गाडीचा खालचा सांगाडा म्हणजे साधा डिलिव्हरी ट्रक. माझी २००३ ची आहे, फोर्डच्या ई-४५० वर बांधलेली. त्याच जातीच्या सांगाड्यावर अ‍ॅम्ब्युलन्स धावतात, शाळांच्या छोट्या बस धावतात. सुटे भाग कुठल्याही गावात मिळतात आणि हात लावणारा मेकॅनिकही मिळतो. चढाला रडतखडत जाईल, मागे रांग लागेल, लागू दे. उताराला खालचा गिअर टाका, ब्रेकवर पाय ठेवून बसू नका. खंबाटकी उतरलेल्या माणसाला हे वेगळं सांगायला नको.

अशी गाडी मरते ती पाण्याने, आणि त्याबद्दल कोणी बोलत नाही.

भिंत कशाची असते माहीत आहे? दीड इंची पाइनच्या पट्ट्या, मध्ये थर्माकोल, आतून पेपर चिकटवलेलं तीन मिलिमीटरचं प्लाय आणि बाहेरून फायबरचा पातळ पत्रा. सगळं स्टेपलनी ठोकलेलं. छपरावर रबराची चादर, तिच्या कडांना आणि व्हेंटभोवती सीलंट. ते सीलंट उन्हाने तडकतं, चिरेतून पाणी आत शिरतं आणि भिंतीच्या पोटात बसून लाकूड खातं. बाहेरून गाडी चकाचक दिसत राहते.

माझ्या गाडीत ड्रायव्हरच्या डोक्यावरचा झोपायचा कप्पा (आम्ही त्याला माळा म्हणतो) कुजलेला होता. पुढच्या खिडकीतून पाणी यायचं. विकणाऱ्या म्हातारबाबांनी ते लपवलं नाही, म्हणूनच मला ती नऊ हजारांत मिळाली. इथल्या एका मोठ्या दुरुस्तीवाल्याकडे नेली. त्याने टॉर्च मारला, दोनदा बोटाने दाबलं आणि बारा हजारांचा आकडा सांगितला, वर सहा महिने थांबायचं. 'एवढे घालण्यापेक्षा भंगारात द्या' हा सल्ला फुकट.

त्याच संध्याकाळी न्यू जर्सीहून साडूभाऊंचा फोन. हे आमचे साडू बँकेत आहेत आणि जगातल्या प्रत्येक वस्तूची त्यांना रिसेल व्हॅल्यू माहीत असते. म्हणाले, "अमेरिकेत येऊन वीस वर्षांनी तू भंगार विकत घेतलंस? शेजारी काय म्हणतील?" मी काही बोललो नाही. पण फोन स्पीकरवर होता, आणि सोफ्यावर अण्णा बसले होते.

अण्णा म्हणजे माझे वडील. दापोडीच्या एसटी वर्कशॉपमध्ये बॉडी सेक्शनला आयुष्य काढलं. महिन्याभरापूर्वी आले होते, सहा महिन्यांसाठी, आणि पहिल्या आठवड्यातच कंटाळले होते. इथे चालत जायला काही नाही, बोलायला कोणी नाही, टीव्हीवरच्या मराठी मालिका त्यांना सोसत नाहीत. दुसऱ्या दिवशी मी कामावरून आलो तर अण्णा माळ्यावर उताणे पडलेले आणि आतलं प्लाय निम्मं काढून ड्राइव्हवेवर रचलेलं. खाली येऊन पहिलं वाक्य, "याला बॉडी म्हणतात होय रे? स्टेपल मारलेत! ही गाडी दापोडीहून बाहेर पडली असती तर पहिल्या पावसात परत आली असती आणि फोरमनची बदली झाली असती."

पुढचे अडीच-तीन महिने आमच्या ड्राइव्हवेवर वर्कशॉप होतं. मी संध्याकाळी आणि शनिवार-रविवारी हाताखाली. सगळ्यात जास्त वेळ गेला सिलिकॉन खरवडण्यात. आधीच्या कुणीतरी प्रत्येक सांध्यावर नळ्याच्या नळ्या सिलिकॉन ओतलं होतं. तुमच्या गाडीवर सिलिकॉन दिसलं तर समजून जा की गळती जुनी आहे आणि ती झाकायचा प्रयत्न झालाय. त्याच्यावर नंतर दुसरं काही धड चिकटत नाही, खुद्द नवीन सिलिकॉनसुद्धा नाही. प्लास्टिकच्या पात्याने कण न् कण खरवडायचं, स्पिरिटने पुसायचं, मग सांध्यावरच्या पट्टीखाली ब्युटिल टेप (चिकट रबरी पट्टी) आणि वरून छपराचं लॅप सीलंट, जे स्वतःच पसरून सपाट होतं. रबरी छप्पर असेल तर सीलंट त्या रबराला चालणारंच घ्या, पेट्रोलसारखं काही त्याला लावू नका, फुगतं.

मधे एकदा अण्णांना घेऊन ओहायोतल्याच जॅक्सन सेंटरला गेलो. एअरस्ट्रीमचा कारखाना तिथे आहे, आमच्यापासून तासाभरावर, आणि बघायला मिळतो. अ‍ॅल्युमिनियमचे ते चकचकीत गोल ट्रेलर तुम्ही रस्त्यावर पाहिले असतीलच. तिथे एक जण बाहेरून रिव्हेट मारतो आणि दुसरा आतून धरतो, दोघं एकमेकांना दिसत नाहीत. अण्णा त्या जोडीसमोर जे उभे राहिले ते हलेनात. गाइड पुढे गेली, आमचा गट पुढे गेला. शेवटी आतल्या माणसाने डोकं बाहेर काढून हसून हात केला. अण्णांनीही केला. परत येताना गाडीत म्हणाले, "आम्ही असंच करायचो. मी आणि एक सातारचा होता, तो आत, मी बाहेर. आवाजावरून कळायचं, बसला का नाही." मला ही गोष्ट त्यांनी पंचेचाळीस वर्षांत सांगितली नव्हती.

त्या रात्रीच निर्णय झाला. पुढचा फायबरचा पत्रा काढायचा, अ‍ॅल्युमिनियमचा लावायचा आणि खिडकी कायमची बंद. मुलं रडली, त्यांना झोपून समोरचा रस्ता बघायचा होता. अण्णा ढिम्म. "बाजूला आहेत ना दोन खिडक्या? वाऱ्याच्या तोंडाला भोक पाडायचंच कशाला?" पत्र्याला लोखंडी स्क्रू एकही लावू दिला नाही. ओल मिळाली की लोखंड आणि अ‍ॅल्युमिनियम एकमेकांत भांडतात आणि पत्रा खाल्ला जातो, म्हणून अ‍ॅल्युमिनियमचेच रिव्हेट. कुजलेलं लाकूड बोटाने दाबून जिथे घट्ट लागलं तिथपर्यंत कापलं आणि नव्या पट्ट्या जुन्याला हातभर समांतर जोडून घेतल्या.

मग परीक्षा. अण्णा आत टॉर्च घेऊन, मी बाहेर पाण्याचा पाइप घेऊन. पाणी खालून सुरू करायचं आणि वीत वीत वर सरकायचं. आधीच छपरावर सोडलं तर कुठल्या सांध्यातून आलं ते कळत नाही. तासभर भिजवली, आत थेंब नाही. सगळ्या सामानाचा खर्च हजार डॉलरच्या आत. मजुरी म्हणून अण्णांनी एक बॅटरीवरचं रिव्हेट गन मागून घेतलं, ते आता पुण्यात आहे.

साडूभाऊ ऑगस्टमध्ये आले. गाडीभोवती एक चक्कर मारली आणि म्हणाले, "खिडकी बंद केलीत? आता ही कोण घेणार?" अण्णा पुढ्यात बसलेले असताना हा प्रश्न! विकायची असती तर मी नुसती रंगवून घेतली असती. पुढच्या जूनमध्ये आम्ही साउथ डाकोटात बॅडलँड्सला मुक्कामाला होतो, रात्री वादळ आलं, आडवा पाऊस आणि गारा. शेजारच्या नव्याकोऱ्या गाडीतलं कुटुंब टॉवेल शोधत होतं. माळ्यावर मुलं झोपलेली होती, गादी कोरडी होती. मी त्याच रात्री कोरड्या गादीचा फोटो काढून कुटुंबाच्या ग्रुपवर टाकला. साडूंनी अंगठासुद्धा दाखवला नाही.

असो, खर्चाचं विचारलं होतंत. यलोस्टोनला जाऊन-येऊन, थोडं भटकून, चार हजार मैल सहज होतात. ही गाडी गॅलनला नऊ मैल देते, म्हणजे साडेचारशे गॅलनच्या जवळपास पेट्रोल. साडेतीन डॉलरचा भाव धरला तरी सोळाशेच्या आसपास गेले. वर कॅम्पग्राउंडचं भाडं, विमा, आणि सोसायटीने ड्राइव्हवेवर उभी करू दिली नाही तर पार्किंग. वर्षातून एकदाच जाणार असाल तर साधी कार आणि मोटेल स्वस्त पडतं. साडूंचं एवढं गणित बरोबर आहे, हे मी त्यांना सांगणार नाही. वर्षातून तीन-चारदा निघणार असाल, मुलं लहान असतील आणि स्वतःच्या हाताने स्क्रू फिरवणार असाल, तरच बेत जमतो. मी दुरुस्तीला वर्षाला हजार-बाराशे बाजूला ठेवतो, टायर सोडून.

टायर सोडून म्हणालो कारण ते सहा आहेत आणि नक्षी बघून त्यांचं वय कळत नाही. टायरच्या बाजूवर 'DOT' अक्षरांनी सुरू होणारी ओळ असते, तिच्यातले शेवटचे चार आकडे वाचा. २३१९ असेल तर २०१९ सालचा तेविसावा आठवडा. सहा-सात वर्षं झाली असली की नक्षी कितीही नवी दिसो, काढा. उभ्या गाडीचे टायर झिजत नाहीत, वाळतात. मागच्या जोडचाकांतल्या आतल्या टायरचे आकडे वाचायला गाडीखाली आडवं व्हावं लागतं, तेव्हा कपडे जुने घालून जा.

गॅसच्या लाइनला मात्र स्वतः हात लावू नका. तिथे परवानाधारक माणूस बोलवा आणि गळती तपासून घ्या, पैसे वाचवायची ती जागा नाही. फ्रिज गॅसवर चालणारा असेल तर गाडी सपाट जागी उभी केल्याशिवाय तो चालवायचा नाही. थंडीआधी नळांतलं पाणी काढून गुलाबी अँटीफ्रीझ (न गोठणारं द्रव) भरा, ओहायोत राहता म्हणजे हे तुम्हाला चुकणार नाही. यलोस्टोनहून पुढे ग्लेशियर नॅशनल पार्कला जायचा मोह होईल, पण गोइंग-टु-द-सन रोडच्या डोंगरी भागात २१ फुटांपेक्षा लांब गाडी सोडत नाहीत. आम्ही शटलने गेलो.

आणि ज्यांच्या घरी अण्णा नाहीत त्यांनी काय करायचं, हा प्रश्न रास्त आहे. कुजलेली गाडी घेऊच नका. माझं ऐकून नऊ हजारांची घ्याल आणि बारा हजारांच्या रांगेत उभे राहाल. तुमची पंधरा हजारांची आहे, ती कोरडी असली तर भाव ठीक आहे. पिनांचा ओलावा मीटर पन्नास डॉलरच्या आत मिळतो, तो खिशात ठेवा. माळ्याचे कोपरे, खिडक्यांखालची भिंत, मागच्या बाजूचे खालचे कोपरे, छपरावरच्या एसीभोवतीचं सीलिंग, प्रत्येक ठिकाणी लावा. भिंतीचा पेपर कुठे सुरकुतलाय, कुठे स्क्रूच्या डोक्यावर गंज आहे, बघा. अंगठ्याने दाबा. कपाटं उघडून वास घ्या, मालकाने आत सुगंधी काहीतरी लटकवलं असेल तर दुप्पट वेळ घ्या. शिडीवर चढून छप्पर बघा, चढू देत नसेल तर घरी परत या.

बघायला जायचा दिवस तुम्हीच ठरवा, जोराचा पाऊस पडून गेल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी. मालक म्हणाला की रविवारी या, छान ऊन असेल, तर शुक्रवारी जा.